उशिरा उभा राहिलेला खटला

शेजाऱ्याला आपण पैसे हातउसने दिले. त्याने कागद करून दिला. तीन वर्षे गेली. त्याने पैसे परत केले नाहीत आणि आपणही कोर्टात गेलो नाही. मग काय होते, ते पुष्कळांना अनुभवाने ठाऊक आहे. वकील कागद हातात घेतो, तारीख वाचतो आणि म्हणतो, "काका, मुदत गेली. आता हा कागद बाद."

पैशाच्या व्यवहाराला अशी मुदत असते. ती असावीही. नाही तर भांडणे कधी मिटायचीच नाहीत.

पण खुनाचे काय? खुनाला मुदत असते का? आपल्या देशात नसते. आज कोणी खून केला आणि तीस वर्षांनी सापडला, तरी त्याच्यावर खटला चालतो. आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु सगळ्या देशांत असा कायदा नव्हता. जर्मनी देशात खुनालाही वीस वर्षांची मुदत होती. वीस वर्षे दडून काढली की खुनी मोकळा! ही मुदत पुढे कशी उठली, आणि ती उठल्यावरही नव्वदी गाठलेल्या माणसांना कोर्टात का उभे करावे लागले, ते आता पाहू.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची आहे. ते युद्ध १९३९ साली सुरू झाले आणि १९४५ साली संपले. आपल्या मराठा पलटणीचे शिपाई त्या युद्धात इटलीपर्यंत जाऊन जर्मन फौजेशी लढले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांना तिथल्याच लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे मोठे पदक मिळाले. घाडगे यांना ते मरणोत्तर मिळाले. पण आपल्याला इथे लढाईबद्दल बोलायचे नाही. लढाईत शिपाई शिपायाला मारतो. त्या काळात जर्मनीने आणखी एक काम चालवले होते. त्यात मारले जाणाऱ्यांच्या हाती काठीसुद्धा नव्हती.

जर्मनीत तेव्हा हिटलरचे राज्य होते. त्याच्या पक्षाला नाझी पक्ष म्हणत. ज्यू लोक हे आपल्या देशाचे वैरी आहेत, असे त्या पक्षाने लोकांच्या मनात भरवले. ज्यू म्हणजे कोण? आपल्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला आता रायगड म्हणतात, तेल गाळणारे 'शनवार तेली' होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून हे नाव पडले. पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे. बोली मराठी. ते बेने इस्राएल, म्हणजे ज्यूच. आपल्याकडे ते शेकडो वर्षे सुखाने राहिले. युरोपातल्या ज्यूंच्या नशिबी मात्र वेगळेच आले.

नाझींनी युरोपभर छावण्या उभारल्या. गावोगावचे ज्यू पकडून आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून तिकडे नेत. आउश्वित्झ ही सर्वांत मोठी छावणी. ती आज पोलंड देशात आहे. तिथे गाडी थांबली की फलाटावरच माणसांची निवड होई. अंगात जोर असेल तो कामाला. म्हातारे, आजारी, लेकुरवाळ्या बायका आणि मुले दुसऱ्या बाजूला. "आंघोळीला चला," असे सांगून त्यांना एका मोठ्या खोलीत नेत, दारे लावून घेत आणि आत विषारी वायू सोडीत. त्या एका छावणीत सुमारे ११ लाख माणसे मेली. सगळ्या युरोपात मिळून सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. शिवाय पोलंडचे, रशियाचे आणि इतरही पुष्कळ लोक.

आता विचार करा. एवढी माणसे मारायला किती माणसे लागत असतील? एकटा हिटलर काय करणार? गाड्यांचे वेळापत्रक कोणीतरी आखले. याद्या कोणी लिहिल्या. मनोऱ्यावर बंदूक घेऊन पहारा कोणी दिला. मेलेल्यांच्या पिशव्या कोणी उघडल्या, पैसे कोणी मोजले, हुकूम कोणी टाइप केले. ही हजारो साधी माणसे होती. युद्ध संपले आणि ही माणसे आपापल्या घरी गेली.

पहिले खटले लगेच झाले. न्यूरेंबर्ग या शहरात १९४५-४६ साली जर्मनीच्या मोठ्या पुढाऱ्यांवर खटला चालला आणि बारा जणांना फाशीची शिक्षा झाली. हिटलरने त्याआधीच आत्महत्या केली होती. आउश्वित्झचा बराच काळ मुख्य अधिकारी असलेला हेस याला पोलंडने १९४७ साली फाशी दिले. आणखीही पुष्कळ खटले झाले. पण चार-पाच वर्षांत सारे थंडावले. जर्मनीचे दोन तुकडे झाले होते. लोकांना घर बांधायचे होते, पोट भरायचे होते. जुने उकरू नका, असे जो तो म्हणे. आणि असे म्हणणाऱ्यांत न्यायाधीश आणि पोलीसही होते, कारण त्यांच्यातले कितीतरी हिटलरच्या काळात त्याच खुर्चीवर बसलेले होते. चोराने पंचनामा करायचा, तशातला हा प्रकार.

अशा वेळी एक माणूस उभा राहिला. त्याचे नाव फ्रिट्झ बाउअर. हा जर्मन, जातीने ज्यू आणि धंद्याने वकील. हिटलरने त्याला १९३३ सालीच तुरुंगात टाकले होते. सुटल्यावर तो देश सोडून गेला आणि १९४९ साली परत आला. पुढे तो हेस्सेन प्रांताच्या सरकारी वकिलांचा मुख्य झाला. ज्यूंना छावण्यांकडे पाठवण्याची सगळी व्यवस्था पाहणारा आइशमन नावाचा अधिकारी अर्जेंटिनात नाव बदलून राहतो आहे, ही बातमी त्याला लागली. आपल्याच कचेरीतला कोणी आइशमनला सावध करील, अशी बाउअरला भीती होती. म्हणून त्याने ती बातमी गुपचूप इस्राएल सरकारला कळवली. इस्राएलच्या लोकांनी १९६० साली आइशमनला पकडून नेले. जेरुसलेममध्ये खटला चालला आणि १९६२ साली त्याला फाशी झाली.

बाउअरनेच १९६३ साली फ्रँकफुर्ट शहरात आउश्वित्झच्या बावीस माणसांवर खटला उभा केला. तो वीस महिने चालला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार आले. जर्मनीतल्या तरुण मुलांनी छावणीतली हकिकत प्रथम नीट ऐकली ती त्या वेळी. तोवर घरात बाप बोलत नव्हता आणि शाळेत मास्तर बोलत नव्हते.

या खटल्यात एक मोठा प्रश्न निघाला. सगळे पुढचे त्यावरच अवलंबून आहे, म्हणून तो सावकाश वाचा.

बाउअरचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे. साखर कारखाना पाहा. एक जण काट्यावर उसाची गाडी तोलतो. एक पावती फाडतो. एक फाटकावर उभा असतो, एक बॉयलरपाशी. साखर कोणी केली? सगळ्यांनी मिळून केली. यातला कोणी एकटा साखर करू शकत नाही, आणि कोणी म्हणू शकत नाही की मी फक्त फाटक सांभाळत होतो, साखरेशी माझा संबंध नाही. उपमा कठोर आहे, पण आउश्वित्झ हा माणसे मारण्याचा कारखाना होता. तिथे जो जो जाणूनबुजून कामाला होता, तो तो खुनात सामील आहे.

न्यायाधीशांनी हे मानले नाही. ते म्हणाले, खुनाचा आरोप असेल तर हात दाखवा. अमक्या दिवशी अमक्या माणसाला याने मारले, असे सिद्ध करा. आता सांगा, वायूच्या कोठडीत गेलेला माणूस साक्षीला कसा येणार? तरीही सतरा जणांवर गुन्हा शाबीत झाला, कारण त्यांनी स्वतः काय केले याचा पुरावा मिळाला होता. पण हजारो पहारेकरी, कारकून, हिशेबनीस मोकळे राहिले. १९६९ साली वरच्या कोर्टानेही हेच धरून ठेवले. बाउअर त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता.

इकडे मुदतीचे घोडेही दारात उभे होते. युद्ध संपल्याला १९६५ साली वीस वर्षे होत होती. त्या दिवशी सगळे खुनी मोकळे झाले असते. जर्मनीच्या लोकसभेत मोठा वाद झाला. शेवटी मोजणी १९४९ सालाच्या अखेरीपासून धरायची, असे ठरवून चार वर्षे मिळवली. १९६९ साली मुदत तीस वर्षे केली. १९७९ साली पुन्हा तोच प्रश्न आला, तेव्हा खुनाची मुदत कायमची काढून टाकली. मधल्या काळात, १९६८ साली, दुसऱ्याच एका कायद्यात एक लहानसा बदल झाला. त्यामुळे टेबलाशी बसून हुकूम काढणारे पुष्कळ साहेब एका झटक्यात सुटले. ते चुकून झाले की कोणी मुद्दाम केले, यावर तिथले जाणकार अजून वाद घालतात. आमच्या मते हे प्रकरण फार शिकण्यासारखे आहे. कायदा कोणत्या कलमात बदलतो आहे, यावर सामान्य माणसाची नजर नसली की असे होते.

तेव्हा १९७९ साली मुदत उठली खरी, पण 'हात दाखवा' ही अट तशीच राहिली. ती मोडायला आणखी बत्तीस वर्षे लागली. ती मोडली एका अशा माणसाच्या खटल्यात, ज्याला एकदा चुकीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली होती. ही हकिकत थोडी लांब आहे, पण ऐकण्यासारखी आहे.

इव्हान डेमयानयुक हा युक्रेनमधला शेतकऱ्याचा मुलगा. रशियाच्या फौजेत भरती झाला आणि १९४२ साली जर्मनांच्या हाती सापडला. जर्मनांनी पकडलेले रशियन शिपाई तेव्हा उपासमारीने किड्यामुंगीसारखे मरत होते. त्यांतले काही जण निवडून जर्मनांनी त्यांना पहारेकरी केले. युद्धानंतर हा १९५२ साली अमेरिकेत गेला, जॉन हे नाव घेतले आणि फोर्डच्या मोटार कारखान्यात नोकरीला लागला. बायको, मुले, बागेत भाजी, रविवारी देवळात प्रार्थना. शेजारी चांगले म्हणत.

पुढे ट्रेब्लिंका नावाच्या छावणीतून वाचलेल्या काही लोकांना त्याचा जुना फोटो दाखवला. ते म्हणाले, हा तर 'भयंकर इव्हान'! वायूचे यंत्र चालवणारा, कैद्यांचे हाल करणारा त्या छावणीतला राक्षस. अमेरिकेने १९८६ साली त्याला इस्राएलच्या हवाली केले. जेरुसलेमच्या कोर्टात साक्षीदार एकामागून एक आले. एका साक्षीदाराने त्याला चष्मा काढायला लावला, जवळ जाऊन डोळ्यांत पाहिले आणि सांगितले, हाच तो. १९८८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली.

त्याने वरच्या कोर्टात अपील केले. एवढ्यात रशियाचे जुने राज्य मोडले आणि तिकडची जुनी दप्तरे खुली झाली. त्यांत ट्रेब्लिंकाच्या इतर पहारेकऱ्यांचे जबाब निघाले. त्या जबाबांप्रमाणे 'भयंकर इव्हान' हा निराळाच माणूस होता, त्याचे आडनाव निराळे होते. १९९३ साली इस्राएलच्या सर्वांत वरच्या कोर्टाने डेमयानयुकला सोडून दिले. ज्यांचे आप्त त्या छावण्यांत जळाले, त्यांच्याच देशाचे हे न्यायाधीश. बाहेर लोक खवळलेले होते. तरी संशय उरतो आहे म्हणून त्यांनी माणूस सोडला. या साऱ्या हकिकतीत आमचे हात कुठे जोडले जात असतील तर ते इथे.

मग ते साक्षीदार खोटे होते का? नाही. ज्याने ते नरक पाहिले तो खोटे कशाला बोलेल? पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी चेहरा ओळखणे ही अवघड गोष्ट आहे. माणसाला मनापासून जे खरे वाटते ते खरे असतेच असे नाही. उशिरा खटला भरण्यात हा मोठा धोका आहे, आणि तो नाकारता येत नाही.

कागदाचे तसे नसते. कागदही खोटा करता येतो, म्हणून तो तपासावा लागतो, पण खरा कागद म्हातारा होत नाही. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेचे जनरल रजिस्टर दोनदा कोर्टात न्यावे लागले होते. जमिनीच्या वाटणीचे भांडण. कोण कधी जन्मला यावर दोन्ही बाजूंचे साक्षीदार शपथेवर दोन तऱ्हांनी सांगत होते. पन्नास वर्षांपूर्वी कोणा मास्तरांनी टाकाने लिहिलेली एक ओळ वाचली आणि वाद मिटला.

डेमयानयुकच्या खटल्यातही एक कागद होता. पहारेकऱ्यांच्या शिक्षणाच्या ठिकाणी दिलेले ओळखपत्र, क्रमांक १३९३. त्यावर त्याचा फोटो, जन्मतारीख, बापाचे नाव. आणि त्याला कुठे कुठे पाठवले त्याच्या नोंदी. आता गंमत पाहा. त्या कागदावर ट्रेब्लिंकाचे नाव नव्हतेच! त्यावर होते, '२७ मार्च १९४३, सोबिबोर'. सोबिबोर ही दुसरी छावणी. तिथे काम एकच, माणसे मारणे. लोक एक सांगत होते आणि कागद पहिल्यापासून दुसरेच सांगत होता.

जर्मनीत लुडविग्सबुर्ग या गावी १९५८ सालापासून नाझींच्या गुन्ह्यांचा तपास करणारी एक सरकारी कचेरी आहे. तिथे माणसांची, ठिकाणांची सतरा लाखांच्या आसपास कार्डे लावून ठेवलेली आहेत. त्या कचेरीने डेमयानयुकचे कागद पुन्हा काढले. अमेरिकेने २००९ साली त्याला जर्मनीला पाठवले. म्युनिक शहरात खटला उभा राहिला. आरोपी एकोणनव्वद वर्षांचा. त्याला चाकाच्या खुर्चीवरून आणीत आणि तो कोर्टात खाटेवर पडून राही.

सरकारी वकिलांनी या वेळी 'याने अमक्याला मारले' असे म्हटलेच नाही. ते म्हणाले, सोबिबोरमध्ये दुसरे कामच नव्हते. तिथे जो पहारा देत होता, तो खुनालाच मदत करीत होता. हा तिथे असताना हॉलंड देशातून कोणत्या गाड्या आल्या आणि त्यांत किती माणसे होती, याच्या याद्या आहेत. आरोपीचे वकील म्हणाले, तो स्वतः कैदी होता, नाही म्हणता तर मेला असता. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले आणि सांगितले की पळून जाणे शक्य होते. मे २०११ मध्ये निकाल लागला. २८,०६० खुनांना मदत केली म्हणून पाच वर्षे कैद. अपील चालू असतानाच २०१२ साली तो वारला. जर्मन कायद्याप्रमाणे अपील पुरे झाल्याशिवाय शिक्षा पक्की होत नाही, म्हणून तो निकाल अर्धवटच राहिला.

पण बाउअरची गोष्ट कोर्टाने मानली ती अशी, सेहेचाळीस वर्षांनी. लुडविग्सबुर्गच्या लोकांनी पुन्हा याद्या काढल्या. कोण कोण अजून जिवंत आहे?

त्यात ऑस्कर ग्रोनिंग हे नाव निघाले. हा मूळचा बँकेत शिकाऊ कारकून. आउश्वित्झमध्ये त्याला कारकुनीच दिली. मारलेल्या लोकांच्या कपड्यांतून, पेट्यांतून निघालेले पैसे मोजायचे, कोणत्या देशाचे किती ते लिहायचे आणि बर्लिनला पाठवायचे. कधी फलाटावर सामानाची राखण करायची. त्याने कोणावर हात टाकला, असा आरोप नव्हता. युद्धानंतर त्याने काचेच्या कारखान्यात पगारपत्रके केली. पुढे म्हातारपणी काही लोक म्हणू लागले की छावण्या वगैरे सारे थोतांड आहे. तेव्हा हा स्वतःहून पुढे आला आणि म्हणाला, "खोटे नाही. मी तिथे होतो. मी पाहिले." आपण गुन्हेगार नाही, असे मात्र त्याला वाटे. आपण यंत्रातले एक लहान चाक, असे तो म्हणे.

२०१५ साली ल्युनेबुर्ग येथे त्याच्यावर खटला चालला. तेव्हा तो त्र्याण्णव वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितले की नीतीच्या दृष्टीने मी दोषी आहे, यात शंका नाही, कायद्याच्या दृष्टीने काय ते कोर्टाने ठरवावे. फलाटावर एका शिपायाने तान्हे मूल आपटून मारलेले आपण पाहिले आणि वरिष्ठांकडे जाऊन बदली मागितली, असेही त्याने सांगितले. बदली लवकर मिळाली नाही. मग तो पुन्हा पैसे मोजू लागला.

इथे आपल्यातला कोणीही म्हणेल, "नोकर माणूस. हुकमाचा ताबेदार. नाही म्हटले असते तर गोळी घातली असती." हे म्हणणे सगळ्याच खटल्यांत आले. पण निरपराध माणसांना मारायला नकार दिला म्हणून एखाद्या जर्मन शिपायाला ठार केले, असे एकही उदाहरण इतक्या वर्षांच्या तपासात आरोपींच्या वकिलांना दाखवता आले नाही. नकार देणाऱ्याची बढती अडे, बदली होई, फार तर लढाईच्या तोंडावर जावे लागे. लढाईवर जाणे म्हणजे मरणाची भीती, हे खरेच. पैसे मोजणे त्या मानाने सुखाचे होते.

त्या खटल्यात आउश्वित्झमधून वाचलेली माणसे दूरदूरच्या देशांतून आली. इव्हा कोर नावाच्या बाई अमेरिकेतून आल्या. त्या आणि त्यांची जुळी बहीण दहा वर्षांच्या असताना छावणीतल्या डॉक्टरने त्यांच्यावर प्रयोग केले होते. आईबाप पहिल्याच दिवशी गेले. कोर बाईंनी भर कोर्टात ग्रोनिंगचा हात हातात घेतला आणि मी माझ्यापुरती क्षमा केली म्हणून सांगितले. बाकीच्या पुष्कळ फिर्यादींना हे आवडले नाही. ते म्हणाले, मेलेल्यांच्या वतीने क्षमा करायचा अधिकार आम्हाला नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, असे आम्हाला वाटते. क्षमा ही ज्याची त्याने करायची. निकाल देणे हे कोर्टाचे काम, आणि कोर्टाने ते केले. तीन लाख खुनांना मदत, चार वर्षे कैद. वरच्या कोर्टाने २०१६ साली तो निकाल कायम केला. आता बाउअरची गोष्ट कायद्यात पक्की झाली. ग्रोनिंगचे दयेचे अर्ज फेटाळले गेले, पण तुरुंगात जाण्याआधीच, मार्च २०१८ मध्ये, तो वारला.

म्हाताऱ्यांना आता कशाला छळायचे, असे जर्मनीतही लोक म्हणत. दुसऱ्या एका छावणीचा पहारेकरी तर एकशे एक वर्षांचा होता. त्याच्यासाठी कोर्ट त्याच्या गावाजवळच्या व्यायामशाळेत भरवले आणि दिवसाला दोन-अडीच तासांवर काम चालवले नाही. २०२२ साली त्यालाही पाच वर्षांची शिक्षा झाली. आम्हाला अशा वेळी आरोपीची कीव येते, हे लपवत नाही. पण राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आउश्वित्झला काम केलेले साडेसहा हजारांच्या आसपास लोक युद्धातून जिवंत राहिले, असा हिशेब सांगतात. त्यांतल्या पन्नासांनासुद्धा जर्मनीच्या कोर्टांनी शिक्षा केली नाही. जे धट्टेकट्टे होते, ज्यांच्या हाती मोठा अधिकार होता, ते पेन्शन खाऊन निवांत मेले. शेवटी कायद्याच्या हाती लागले ते तेव्हाचे अठरा-वीस वर्षांचे पोरगे, तेही नव्वदीत.

शेवटचा मोठा खटला एका बाईचा झाला. श्टुटहोफ ही छावणी आज पोलंडमध्ये आहे. तिथे सुमारे ६५ हजार माणसे मेली. इर्मगार्ड फुर्खनर ही मुलगी १९४३ साली अठराव्या वर्षी तिथल्या मुख्य अधिकाऱ्याच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली आणि जवळजवळ दोन वर्षे राहिली. साहेब सांगे, ती लिहून घेई आणि टाइप करी. त्या साहेबावर पुढे खटला झाला आणि १९५७ साली त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. तीही त्याने पुरी भोगली नाही. या बाईला १९५४ साली साक्षीला बोलावले होते. साहेबांचा सारा पत्रव्यवहार माझ्या हातून जाई, असे तिने तेव्हाच सांगितले होते. ते लिहूनही ठेवले गेले. पण टायपिस्ट बाईवर खटला भरावा, असे त्या काळी कोणाच्या मनातही आले नाही.

तो भरला २०२१ साली, इत्झेहो या गावी. तेव्हा ती शहाण्णव वर्षांची होती. गुन्ह्याच्या वेळी तिला एकवीस पुरी नव्हती, म्हणून खटला चालला लहान वयाच्या गुन्हेगारांच्या कोर्टात! पहिल्या तारखेला ती वृद्धाश्रमातून टॅक्सी करून निघून गेली. पोलिसांनी काही तासांत तिला शोधून आणले. पुढे वर्षभर ती कोर्टात गप्प बसून राहिली.

साक्षीदारांत एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ होते. सहा वर्षांचे असताना ते त्या छावणीत होते आणि त्यांच्या वडिलांना तिथेच सुई टोचून मारले होते. त्यांनी वडिलांचा फोटो बरोबर आणला होता. तो त्यांनी त्या बाईच्या समोर धरला.

मला काही माहीत नव्हते, असे टायपिस्टला म्हणता येईल का? हे पाहायला दोन न्यायाधीश स्वतः श्टुटहोफला गेले. कचेरीच्या जागेवरून छावणीचा किती भाग दिसतो, ते त्यांनी उभे राहून पाहिले. कैदी जिथे गोळा होत, ते तिथून दिसत होते. मेलेली माणसे जाळल्याचा वास तर सगळीकडे पसरे. पत्रांवरच्या तिच्या नावाची आद्याक्षरे आणि कचेरीतले जुने कागद समोर होतेच.

अखेरीस ती एवढेच बोलली की जे घडले त्याचे मला दुःख आहे, आणि त्या वेळी मी श्टुटहोफला होते याचा पश्चात्ताप वाटतो. डिसेंबर २०२२ मध्ये निकाल लागला. १०,५०५ खुनांना मदत केल्याचा गुन्हा शाबीत. शिक्षा दोन वर्षांची, पण स्थगित. म्हणजे तुरुंगात जायचे नाही, घरीच राहायचे. तिला कोठडीत घाला, असा हट्ट सरकारी वकिलांनीही धरला नव्हता. तिने केले ते खुनाला साहाय्य होते, हे कोर्टाच्या निकालात लिहिले जावे, एवढेच त्यांना हवे होते.

तिने अपील केले. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने ते फेटाळले आणि निकाल पक्का झाला. पुढच्या जानेवारीत ती नव्व्याण्णवाव्या वर्षी वारली.